विमानवालं वावर

आमच्या वावराला आता नवं नाव पडलं आहे. बांधावरच्या चिंचेमुळे तीन पिढ्या त्याला 'चिंचवालं' म्हणत. आता अख्खं गाव 'विमानवालं' म्हणतं. केळीचे घड भरायला येणारा ट्रकवाला फोनवर विचारतो, "विमानवाल्या वावरात लावू का गाडी?" आणि माझा धाकटा भाऊ सरळ हो म्हणतो. त्याची चूक नाही, त्याला घड वेळेवर भरायचे असतात. मला मात्र दरवेळी चीड येते. तिथे एक माणूस मेला, आणि ट्रक कुठे लावायचा याची खूण तेवढी मागे राहिली.

मी धुळ्याला एका शाळेत विज्ञान शिकवतो. शनिवारी शाळा सुटली की बस धरून जळगाव आणि तिथून असोद्याच्या रस्त्यानं पुढे आमचं गाव. गावात सत्तरी ओलांडलेली माय, भाऊ आणि भावजय. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. शेती भाऊ बघतो, आणि भावाकडे माय बघते. घरात मीच काय तो शिकलेला, त्यामुळे कागद आला की माझ्यासमोर येतो आणि साहेब आला की मला पुढे करतात. मीही इतकी वर्षं मोठ्या ऐटीत पुढे होत आलो.

शिकाऊ विमानं आमच्यावरून रोज जायची. छोटी, पांढरी. माय कापूस वेचता वेचता कपाळावर हात धरून वर बघायची. "पोरं शिकू राह्यले," म्हणायची, शेजारचं पोरगं सायकल शिकत असावं तसं. ती विमानं धुळ्यात आमच्या शाळेवरूनही जातात. वर्गातली मुलं खिडकीकडे वळली की मी खडू आपटतो.

तो पौष महिन्यातला रविवार होता. मी घरी ओट्यावर पेपर तपासत बसलो होतो. माय दोन बायका घेऊन फरदडीचा उरलासुरला कापूस वेचायला गेली होती. कापसाला लागूनच केळी. आवाज आला तेव्हा मला वाटलं, कुणाचं तरी ट्रॅक्टर उलटलं. मग वाड्यावस्त्यांतून माणसं वावराच्या दिशेनं पळताना दिसली, आणि मीही पळालो.

केळीच्या चार-पाच ओळी आडव्या झाल्या होत्या. खोडांचा चीक, तेलाचा वास, ठिबकच्या तुटलेल्या नळ्यांतून उडणारं पाणी. आग लागली नव्हती. विमान नाक खाली घालून पडलं होतं, एक पंख चिंचेजवळ. आणि त्या सगळ्याच्या थोडं अलीकडे, चिखलात, माझी माय मांडी घालून बसली होती. तिच्या मांडीवर विमान चालवणाऱ्या पोराचं डोकं. विमान पडल्यावर सगळ्यांत आधी तीच पोचली होती. बरोबरच्या बायका घाबरून बांधावरच थांबल्या. ही आत शिरली, आणि एका सालदार गड्याच्या मदतीनं तिनं त्याला ओढून बाहेर काढलं. तिच्या हातात पाण्याच्या कॅनचं झाकण होतं. ओलं गोणपाट गुंडाळलेली ती कॅन ती रोज वावरात न्यायची. त्या झाकणातून तिनं त्याला दोन घोट पाणी पाजलं होतं.

तो गेला होता. मी पोचायच्या जरा आधी. अँब्युलन्स त्यानंतर पाऊण तासानं आली.

त्या वेळी मी काय करायला हवं होतं? मायच्या शेजारी बसायला हवं होतं. तिच्या लुगड्याला रक्त लागलं होतं. पण मी पडलो विज्ञानाचा मास्तर. प्रथमोपचाराचा धडा मी दरवर्षी शिकवतो: पोटाला, छातीला मार लागलेल्या माणसाला तोंडानं काही देऊ नये. उचलली जीभ लावली टाळ्याला. सगळ्या गावासमोर मी ओरडलो, "पाणी कशाला पाजलंस त्याला? कोणी सांगितलं होतं?"

माय म्हणाली, "त्यानं मांगलं."

एवढंच. पण माझं वाक्य शंभर माणसांनी ऐकलं होतं. तासाभरात ते गावभर झालं आणि दुसऱ्या दिवशी असोद्याच्या बाजारात पोचलं. वाटेत त्यातला प्रश्न गळाला आणि निकाल उरला: म्हातारीनं पाणी पाजलं म्हणून पोरगं गेलं. "मास्तरच बोलला ना!" माझ्या शब्दाला गावात इतकी किंमत आहे हे मला तेव्हा कळलं.

त्या दिवसाची जत्रा काय वर्णावी. मोटरसायकलींची रांग पार रस्त्यापर्यंत. लोक पोरंबाळं घेऊन, डबे घेऊन आले. पंखाशेजारी उभे राहून फोटो काढले. एकानं तर फोटोत नीट यावं म्हणून उभी असलेली केळ वाकवली. कागदी कपात चहा विकणारा आला, आणि त्याचे कप आम्ही पुढे आठ दिवस वेचत होतो. विमानाचे बारीकसारीक तुकडे पोलीस यायच्या आत घरोघरी गेले. एक पत्रा अजून आमच्या गल्लीत कोंबड्यांच्या खुराड्यावर आहे. मी त्या घरी जाऊन बोललो तर घरमालक म्हणाला, "मास्तर, तो काय परत उडणार शे?" तो साक्रीकडून आलेला, त्याची बोली आमच्याहून वेगळी, पण निर्लज्जपणा अगदी गावातलाच. बाकीचे हसले.

चौकशीची माणसं तिसऱ्या दिवशी आली. घरातली रीत म्हणून मी पुढे झालो. त्याआधी मायला आतल्या खोलीत नेऊन बजावलं होतं, "तू काही बोलायचं नाही. पाण्याचं तर अजिबात नाही. उगाच केस होईल, कोर्टाच्या वाऱ्या करशील या वयात." ती म्हणाली, "पन मी देलं ना." मी म्हणालो, "गप बस."

साहेब सभ्य होता. त्यानं विचारलं, कोणी जखमीजवळ गेलं होतं का, त्याला काही दिलं का, तो काही बोलला का. मी म्हणालो, आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. त्यानं लिहून घेतलं. मी वाचलं, सही केली. दोन ठिकाणी शुद्धलेखनाच्या चुका होत्या, त्याही सुधारून दिल्या. माय दाराशी बसून सगळं ऐकत होती. त्या पोराचं नाव त्या कागदावर पहिल्या ओळीत होतं, ते तेव्हा मला कळलं. ते विमान का पडलं, हे मात्र आम्हाला आजवर कुणी येऊन सांगितलेलं नाही. आम्हीही विचारायला गेलो नाही.

त्यानंतर दर शनिवारी मी घरी पोचलो, की माय जेवायला वाढायची आणि ताटात भाकरी टाकता टाकता विचारायची, "माह्या पान्यानं गेला का रे तो?"

मी म्हणायचो, "सोड आता." मी म्हणायचो, "झालं ते झालं." एकदा तर, "तुला हजारदा सांगितलं तो विषय काढू नको." पण 'नाही' असं एकदाही म्हणालो नाही. तिनं कॅन वावरात न्यायची सोडली. तहान लागली की ती घरी यायची, अर्धा कोस चालत. विमानाचा आवाज आला की मान खाली घालायची. भावजयीनं एकदा मला सुनावलं, "दादा, तुम्ही नुसतं नाही म्हना ना. खोटं तं खोटं." मी तिलाही प्रथमोपचार समजावला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो हा असा.

माघात धुळ्यात एका डॉक्टरांकडे माझ्या मुलाला ताप म्हणून नेलं होतं. बोलता बोलता मी सगळं सांगितलं. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "इतका मार लागलेला माणूस दोन घोट पाण्यानं मरत नाही हो मास्तर. तो जाणारच होता. उलट तोंड ओलं करून गेला, एवढं सुख." धडा बरोबर होता. पण तो जगू शकणाऱ्या माणसासाठी होता.

मी त्याच शनिवारी मायला हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगायचं म्हणजे त्या दिवशी गावासमोर मी ओरडलो ते चूक होतं, हे कबूल करायचं. म्हटलं, पुढच्या वेळी. पुढच्या वेळी परीक्षा होत्या.

आणि मग त्या पोराचे आईबाप आले.

चैत्र लागला होता. ऊन इतकं की बांधावर पाय ठरत नव्हते. बाहेरगावच्या नंबरची एक गाडी चिंचेखाली थांबली. बाप उंच, सरळ. आई माझ्या वयाची असेल. आडव्या झालेल्या केळींच्या बुंध्यांना नवी पिलं फुटून कमरेएवढी झाली होती. तिथे विमान पडलं होतं हे सांगूनही पटलं नसतं. मी जागा दाखवली. मग त्या बाईनं हिंदीत मला विचारलं, "शेवटी त्याच्या तोंडात कुणी पाणी घातलं का?"

माय माझ्या मागे उभी होती. तिला हिंदी येत नाही, पण हा प्रश्न तिला कळला. तिनं माझ्या सदऱ्याची बाही धरली. तिची बोटं मला दंडावर लागत होती.

मी म्हणालो, "नाही. वेळच मिळाला नाही. तो लगेच गेला, त्याला काहीच त्रास झाला नाही."

का म्हणालो? कागदावर सही होती. कागदावर एक आणि तोंडी दुसरं, असं मास्तरानं कसं बोलावं? वरून मनाला समजावलं की 'त्रास झाला नाही' हे ऐकून त्या माउलीला बरं वाटेल. ती मात्र अर्धंच ऐकत होती. "म्हणजे तहानलेलाच गेला," ती नवऱ्याला म्हणाली. मग तिनं पिशवीतून बाटली काढली, खाली बसली आणि ते सगळं पाणी हळूहळू केळीच्या पिलांमध्ये ओतलं. जमिनीनं ते लगेच पिऊन टाकलं. बापानं तिला उठवलं. त्यानं एका चिठ्ठीवर नंबर लिहून माझ्या हातात दिला, काही आठवलं तर सांगा म्हणाला. गाडी गेली.

मायनं माझी बाही कधी सोडली होती ते मला कळलं नाही. ती घराकडे चालत निघाली होती. मी मागून गेलो आणि तिला डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, घाईघाईनं, सगळंच्या सगळं. ती थांबली नाही. एवढंच म्हणाली, "तुले हे माहीत व्हतं, अन् तू त्या बाईले नही म्हनला?"

त्या दिवसापासून तिनं मला तो प्रश्न विचारणं बंद केलं. दुसरं काही विचारणंही जवळजवळ बंदच. भाकरी वाढायची आणि उठून जायची.

वैशाखात आखाजी आली, अक्षय्य तृतीया. आमच्याकडे आखाजी म्हणजे दिवाळीहून मोठी. गेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरायची, तिच्यावर खरबूज ठेवायचं, आंबा, सांजोऱ्या. मग उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवत एकेका पितराचं नाव घ्यायचं, म्हणजे ते येऊन पाणी पिऊन जातात. मी आदल्या दिवशीच आलो होतो. भावजय बोटं उमटवत होती, माय बाजूला बसून नावं सांगत होती. आजोबा. आजी. वडील. पाळण्यात गेलेली माझी एक बहीण.

नावं संपली, पण माय उठली नाही. आत जाऊन तिनं कोरी घागर आणली. बाजारातून कधी आणून ठेवली होती, कोण जाणे. तिनं स्वतः ती गाळलेल्या पाण्यानं काठोकाठ भरली, वडिलांच्या घागरीशेजारी ठेवली आणि किती आठवड्यांनी माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "त्याचं नाव काय व्हतं रे?"

मी नाव सांगितलं. भावजयीनं बोट उमटवलं. भाऊ म्हणाला, "माय, तो आपल्या घरचा नही, जातीचा माहीत नही, त्याची घागर आपन कशी भरायची?"

"त्याच्या मायले यानं सांगलं, कोनी पानी देलं नही म्हनून," माय घागरीवर खरबूज ठेवत म्हणाली. "तं आता द्या लागीन ना."