एका बैठकीतलं चित्र

मानसिंगअण्णांना घाई शिकवली ती मी. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझं कौतुक करायला नको.

अण्णा के. आर. पुरमला माझ्या शेजारी राहतात. घरात मराठी, पण पिढ्यान् पिढ्या बेंगळुरात गेलेल्या, त्यामुळे बोलण्यात कन्नड मिसळलेलं. पुण्याहून आल्यावर पहिले सहा महिने मी त्यांच्या बोलण्यावर नुसती मान हलवायचे. आयुष्यभर त्यांनी कारखान्यात बोर्ड रंगवले आणि रविवारी घरी तैलचित्रं काढली. टेबलावर मांडलेली फळं, भांडी, एवढंच. पद्धत ठरलेली: एक थर द्यायचा, आठवडाभर वाळू द्यायचा, मग दुसरा. एका पेरूला त्यांनी दीड महिना लावला होता.

"तोवर पेरू सडला असेल की," मी म्हटलं.

"चित्रातला नाही ना सडला? सरी मग." सरी म्हणजे ठीक; त्यांचं सगळं त्या एका शब्दावर मिटायचं.

त्यांच्या पत्नी जमनाबाई, म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांच्या अक्का. तीन वर्षांपासून त्यांना विसरण्याचा आजार जडलाय. एखाद्या सकाळी त्या नवऱ्यालाच विचारतात, "तुम्ही कोण?" अण्णांनी त्यावर उपाय शोधला होता. अक्कांना हाताला धरून भिंतीवरच्या चित्रांपुढे न्यायचं.

"हे कुणी काढलं?"

"आमच्या यांनी."

"मग मी कोण?"

अक्का चित्राकडे बघायच्या, मग अण्णांच्या नखांत अडकलेल्या रंगाकडे, आणि लाजून पदर सावरायच्या. तिथून अण्णांचा दिवस सुरू व्हायचा.

गेल्या थंडीत अक्का मधूनमधून चित्रांपुढेही गप्प राहू लागल्या. अण्णा धास्तावले. "तिच्याच वस्तूंचं एक नवीन काढतो," म्हणाले. "ते बघून तरी मला ओळखंल." त्यांनी टेबलावर अक्कांच्या माहेरचा तांब्याचा चंबू मांडला, तीन वांगी आणि एक लिंबू. दुसऱ्या दिवशी वांग्यांची भाजी झाली. पुन्हा मांडलं, पुन्हा तेच. समोर काही दिसलं की अक्कांचे हात ते उचलणारच. चंबू देवापाशी, लिंबू सारात. रागावणार तरी कुणावर? अण्णा रिकाम्या टेबलापुढे हात चोळत बसायचे, आणि ते बघून माझा जीव तुटायचा.

मी जात्याच उतावळी, त्यात नको तिथे नाक खुपसायची सवय. सर्जापूर रोडला दोन दिवसांचा चित्रकलेचा वर्ग केलेला, तेवढ्या भांडवलावर मी अण्णांना शहाणपण शिकवायला निघाले. "वाळायची वाटच बघू नका. ओल्या रंगावर ओलाच रंग लावायचा. दोन तासांत, एका बैठकीत चित्र पुरं."

"चिखल होतोय गं त्याचा."

"नाही होत. दर फटकाऱ्यानंतर ब्रश पुसायचा. आणि लावलेल्या रंगाला परत हात लावायचा नाही."

तीन रविवार चिखलच झाला. पंचाहत्तर वर्षांचा हात सुधारायला मागे वळायचाच. वांग्याचा जांभळा लिंबावर ओढला जायचा आणि लिंबू मळकट व्हायचं. "मागे जाऊ नका म्हटलं ना अण्णा!" असं मी चक्क ओरडले त्यांच्यावर. ते मुकाट्याने कॅनव्हास पुसून काढायचे.

चौथ्या रविवारी मी अक्कांना मागच्या अंगणात घेऊन बसले. पुढ्यात भिजवलेल्या अवऱ्यांचं पातेलं. अवरे म्हणजे इकडचे पावटे; दाणा चिमटीत दाबला की सालीतून टुणकन बाहेर येतो. अक्का कितीही विसरल्या तरी त्यांची बोटं हे विसरली नव्हती. दोन तास त्या दाणे सोलत होत्या आणि मी आतल्या शांततेकडे कान लावून बसले होते.

"मुग्धा, तिला घेऊन ये स्वल्प, जरा इकडे," अण्णांची हाक आली.

चित्र बघून मला भरूनच आलं. वांग्यांच्या कडा मागच्या ओल्या हिरव्यात अलगद विरल्या होत्या. चंबूच्या पोटावर, तांबड्या रंगात, पिवळ्याचा एकच फटकारा होता. लिंबाचं प्रतिबिंब! लावलं आणि सोडून दिलं. अण्णांनी हातही धुतले नव्हते.

अक्का जवळ गेल्या. "चंबू माझा. आईनं दिलेला. ही बदनेकायी. हे लिंबू."

सगळं बरोबर! अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, जिंकलो आपण.

"कुणी काढलं हे?" त्यांनी विचारलं.

अक्का वाकून बघत राहिल्या. मग मान हलवून हसल्या. "आमच्या यांचं नव्हे हे. ते असं भराभर काढत नाहीत. एक पेरू काढायला दीड महिना लावतात ते."

अण्णांनी रंगाने माखलेले दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. अक्कांनी ते निरखून पाहिले आणि पदर सावरला, पण परक्या माणसासमोर सावरतात तसा.

"तुम्ही काढलंत? छान आहे हो. बसा, आमचे हे येतील इतक्यात. त्यांना दाखवा."

मला तोंड लपवायला जागा सापडेना. ओल्या रंगाचा वास खोलीभर पसरला होता. अण्णांनी खुर्ची ओढली आणि पाहुण्यासारखे अगदी टोकाशी टेकले.

"सरी," ते म्हणाले. "थांबतो."