बाबांनी पाणी का टाळलं

ईमेलवरच्या मंडळींनो, आज सकाळी मस्कतहून भावाचा फोन आला. काल वाळवंट बघायला नेलेले बाबा उन्हात चक्कर येऊन पडले. सलाईन लावून आता घरी आणलंय.

इथे लंडनच्या हाउन्सलोत बसून मी फोनवर बाबांवरच चिडले. "हॅट पाठवली, सनक्रीम पाठवलं. बाटली हातात असताना पाणी का नाही प्यायलात?"

"पाणी प्यायलं की सारखं जावं लागतं. तिथे आडोसा तरी असतो का गं?" ते हळूच म्हणाले. "आणि गाडी सूनबाई चालवत होती. तिला सारखं थांब कसं म्हणायचं?"

प्रत्येक फोनवर 'पाणी प्या' बजावणाऱ्या मला 'संकोच करू नका, हवं तिथे थांबतील' एवढं कधी म्हणावंसं वाटलं नाही.

तुमच्या घरी हे कोण म्हणतं?