अक्काच्या वीणेला जोडलेली तार

सोल्डरिंग आयर्न विकत घ्यायला गेले, तेव्हा दुकानदाराने विचारलं, नातवाला शाळेत काही करायला सांगितलंय का? मला नातू नाही. नातू नसतानाही बाईमाणसाला दोन तारा जोडाव्याशा वाटू शकतात, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण आयर्नमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं, तेव्हा राग गिळला आणि चेहरा गरिबासारखा केला. त्याने काचेवर तीन आयर्न मांडली. एक पेन्सिलीएवढं बारीक, पंचवीस वॅटचं. एक जाडजूड, साठ वॅटचं. तिसऱ्याला उष्णता कमीजास्त करायचं बटण होतं. मी जाडजूड उचललं. घ्यायचं तर दणकट घ्यावं, हा माझा स्वभाव. छत्रीसुद्धा मी पुरुषांची वापरते.

हे सगळं अक्कासाठी चाललं होतं. अक्का माझी थोरली बहीण. तंजावरच्या राजवाड्याजवळच्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावर आम्ही दोघीच राहतो. माझी नोकरीची वर्षं जवळच्या ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत गेली, तिचं आयुष्य वीणा शिकवण्यात. मी निवृत्त होऊन घरी बसले आणि तिचे कान जायला लागले. श्रवणयंत्र आणलं. त्यातून भाजीवाली ऐकू यायची, मी ऐकू यायचे, पण वीणा वाजवली की पत्र्याचा डबा बडवल्यासारखं वाटतं, असं ती म्हणायची. म्हणून वाजवायला बसताना ती यंत्र काढून ठेवायची आणि गाल वीणेच्या दांडीला टेकवायची. डोळे मिटलेले, बोटं तारांवर. लाकडातून जेवढं येईल तेवढं घ्यायचं.

एका दुपारी तसंच गाल टेकवून ती म्हणाली, "मला माझी वीणा एकदा सरी ऐकाय होवी."

आमच्या मराठीत हवीला होवी म्हणतात आणि नीटला सरी, तमिळ शेजाराचं देणं. तिने आजवर माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. मी फोनवर व्हिडिओ शोधत बसले. एक पितळी चकती मिळते, वाढदिवसाच्या गाणाऱ्या कार्डात असते तशी. तिला दोन तारा जोडायच्या, चकती वीणेच्या लाकडी भोपळ्याला चिकटवायची, तारा एका लहानशा अॅम्प्लिफायरला लावायच्या आणि कानावर मोठे हेडफोन चढवायचे. लाकडाची थरथर सरळ कानात. व्हिडिओतला मुलगा म्हणाला, अगदी सोपं आहे. तो तमिळमध्ये म्हणाला, म्हणून मला जास्तच खरं वाटलं.

सोपं कसलं. चकतीच्या मधोमध एक पांढरा, चंदेरी थर असतो. एक तार पितळेला लावायची, दुसरी त्या थराला. माझ्या दणकट आयर्नने थराला नुसतं टोक टेकवलं आणि तो सुटून आला, दुधावरची साय यावी तसा. दुसरी चकती काळी पडली. तिसरी दिसायला सुरेख, पण मुकी. मी आयर्नला, दुकानदाराला आणि त्या व्हिडिओतल्या मुलाला मनसोक्त शिव्या दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बारीक आयर्न मागितलं. दुकानदाराने ते काढून दिलं. काही बोलला असता तर जाडजूड आयर्न मी परत त्याच्याच हातात दिलं असतं.

मग दुपारी सरावाच्या झाल्या. जेवणं उरकली की गल्ली झोपायची. खिडकीच्या गजांची सावली जमिनीवरून सरकत टेबलाशी यायची. मी एका मेलेल्या रेडिओच्या तारा सोलून एकमेकींना जोडत बसायचे. आयर्न तापलं की टोक ओल्या स्पंजवर पुसायचं. चर्र आवाज येतो. लगेच त्याला कथलाची पातळ कल्हई द्यायची, नाहीतर ते काळं पडून रुसून बसतं. डाखाच्या, म्हणजे जोड पक्का करायच्या कथलाच्या, तारेत राळ असते. ती वितळली की निळसर धूर निघतो आणि वास देवघरासारखा येतो. पंख्याखाली तो धूर गोल गोल फिरायचा, आणि मला जाग आहे की झोप, हे मलाच सांगता यायचं नाही. कचेरीत इतकी वर्षं काढली, पण दुपार अशी असते हे माहीतच नव्हतं.

एकदा त्याच गुंगीत मला आमचा रसमचा चोंबू, म्हणजे तांब्या, आठवला. तो निव्वळ कथलाचा. त्यात पाणी आधी ओतायचं, विस्तव मागून. कोरडा ठेवला तर चोंबूच वितळून चुलीत जातो. तंजावरच्या मुलीला हे न शिकवता येतं. आणि मी काय करत होते? आयर्न सरळ डाखाच्या तारेला लावून थेंब पाडत होते, जोडायच्या जागी नुसता शिंतोडा. कथलाला विस्तव दाखवायचाच नाही. विस्तव तारेला द्यायचा, तार तापली की कथील आपणहून तिच्याकडे जातं. त्या दुपारी पहिला खरा डाख लागला. वितळलेला थेंब क्षणभर आरशासारखा झाला, तारेभोवती पसरला आणि थंड होतानाही चमकत राहिला. कच्चा डाख मळकट दिसतो. हा दिसत नव्हता. मला इतका आनंद झाला की उठून कोणाला तरी दाखवावंसं वाटलं, पण अक्का वाजवत होती.

मी ऐकत बसले. आणि तेव्हा मी आयर्न खाली ठेवलं.

वीणा उतरलेली होती. हे मला नवीन नव्हतं. अक्काचे कान गेले तशा तारा हळूहळू उतरत गेल्या होत्या आणि मेणात बसवलेले दोन-तीन पडदेही उन्हाळ्यात सरकले होते. खुंटीला दुसऱ्याने हात लावलेला तिला खपत नाही. मी काही गाणारी नाही, पण या गावात एवढा कान कोणालाही असतो. शेजारी ऐकायचे, जुन्या शिष्या भेटायला आल्या की ऐकायच्या आणि अस्के, म्हणजे सगळेच, छान म्हणायचे. सगळ्यांत आधी मी म्हणायचे. ऐकू न येणाऱ्या बाईला बेसूर म्हणून सांगायचं कोणत्या तोंडाने? आणि आता मीच तिच्या कानात ते सगळं ओतायला निघाले होते. हेडफोन चढवून ती पहिली तार छेडेल आणि तिला कळेल, आपण काय वाजवतोय आणि लोक काय ऐकून घेतायत.

त्यानंतर मी मुद्दाम रेंगाळले. आज डोकं दुखतंय, आज वीज गेली, आज चकती बरोबर नाही. मला जमत नाही असं सांगून टाकावं, असं रोज ठरवायचे. तीन चकत्या जाळलेल्या बाईवर कोणीही विश्वास ठेवला असता. पण अक्का दुपारी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसायला लागली. धुराकडे बघत राहायची. एक दिवस तिने चिमटा उचलला, तारेचं टोक त्यात धरलं आणि चकतीवर आणून स्थिर केलं. वीणेवर इतकी वर्षं चाललेला हात. जराही हलला नाही. मी आयर्न टेकवलं, कथील दिलं, उचललं. पापणी लवायच्या आत झालं. दुसरीही तार लागली. डाख चमकत होता. आता मला सांगायला काही निमित्त उरलं नाही.

चकती भोपळ्याला चिकटवली. अॅम्प्लिफायरचं बटण दाबलं. तिच्या पांढऱ्या केसांवर हेडफोन चढवले, तर ती विमान चालवायला निघाल्यासारखी दिसली आणि मला हसू आलं. भीतीने येतं तसं.

तिने पहिली तार छेडली आणि तिचे डोळे मोठे झाले. ती आवाज संपेपर्यंत थांबली. पुन्हा छेडली. मग दुसरी, तिसरी. मग पडद्यांवरून एकदा वर जाऊन खाली आली, सावकाश, अंधारात जिना उतरावा तशी. चेहऱ्यावर काहीच दिसेना. खिडकीतलं ऊन तिच्या पायांवर आलं होतं. मी त्या उन्हाकडेच बघत राहिले.

तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले, यंत्र कानात घातलं आणि म्हणाली, "तारच उतरली आहे की."

मी हो म्हणून मान हलवली.

"थोडं थोडं मला ऐकाय येत होतं," ती म्हणाली. "चुकीचंच येत होतं. पण अस्के छान म्हणत होते. तूं म्हणत होतीस. तर मी म्हटलं, वीणा सरीच आहे. माझ्यातलाच स्वर गेला."

एवढंच. आवाजात राग नव्हता. मला रडू आवरेना. तिला दुखवू नये म्हणून मी जे रोज म्हणत आले, त्यानेच ती दर दुपारी एकटी आपला स्वर गेला म्हणून शोक करत होती, आणि तरी वाजवत होती.

तिने यंत्र काढून पुन्हा हेडफोन चढवले आणि खुंटी पिळली. तार कुरकुरली, वर आली. तिने छेडली आणि माझ्याकडे बघितलं. ती ऐकत होती, तिला कळत होतं, तरीही तिने भुवया उंचावून मला विचारलं.

हेडफोन असतानाही कळावं म्हणून मी नकाराची मान हलवत मोठ्याने म्हणाले, "नाही अक्का. अजून खाली आहे."

ती हसली आणि खुंटी आणखी पिळली.