रिकाम्या खोलीचा तुकडा

त्याला सगळे ऑपरेटर म्हणायचे. थिएटरात म्हणायचे, गल्लीत म्हणायचे, आणि भांडण झालं की बायकोही म्हणायची. बाल्कनीच्या मागे, पार वरती, त्याची केबिन. दोन मशिनं, एक स्टूल, रिळं गुंडाळायचं टेबल आणि पडद्याकडे बघायला वीतभर खिडकी. एका मशिनवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका चमकतो; तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं. प्रेक्षकांना हा ठिपका जन्मात दिसत नाही आणि ऑपरेटरला सिनेमात दुसरं काही दिसत नाही. त्यामुळे सिनेमा कसा आहे असं कुणी विचारलं, की तो गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "नऊ रिळांचा आहे."

एका सिनेमाने मात्र त्याला सोडलं नाही. जुना, काळापांढरा, भुताचा म्हणा, वेडाचा म्हणा. एक आई, तिची वारलेली मुलगी, आणि वरच्या मजल्यावरची बंद खोली. त्या खोलीतून आईला पावलं ऐकू येतात, घरात आणखी कुणाला येत नाहीत. अख्ख्या सिनेमात ना रक्त, ना किंकाळी. नुसता जिना आणि जिन्याकडे बघणारी आई. शेवटी ती वर चढते, दार लोटते, आतला उजेड तिच्या तोंडावर पडतो, ती "आलीस?" म्हणते, आणि मग आपल्याला खोली दिसते. रिकामी. धुळीत पाऊल उमटलेलं नाही.

धंदा बसला की मालक हाच सिनेमा लावायचा आणि थिएटर भरायचं. ज्यांनी तो कधीकाळी घरी थापा मारून बघितला होता, ते आता जावयाला घेऊन यायचे. बाहेर पडताना वाद तेच: भूत होतं की बाईचं डोकं फिरलं होतं? मधल्या काळात भुतांचे नवे सिनेमे आले, रंगीत रक्ताचे सडे पडले, आणि आठवडाभरात गाशा गुंडाळून गेले. हा आपला ठाण मांडून. मालक म्हणायचा, "लोकांना घाबरायला आवडतं." ऑपरेटरला हे पटायचं नाही. घाबरायचंच असेल तर घरी काय कमी आहे? त्याचं मत असं, की प्रत्येकाचं कुणी ना कुणी वरच्या खोलीत असतं आणि तिथे पावलं वाजावीत असं त्याला फार वाटत असतं. भीती हा नुसता बहाणा. अर्थात हे मत त्याचं झालं ते स्वतःची मुलगी गेल्यावर. त्याआधी हाही सिनेमा त्याच्या लेखी नऊ रिळांचाच होता.

मुलगी कॉलेजात होती. तिने ताप अंगावर काढला, मग हॉस्पिटलात नेलं, आणि बघता बघता होत्याचं नव्हतं झालं. बायको घरी शिवणकाम करायची. तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. शिलाई मशिनवर झाकण टाकलं ते टाकलंच. जेवण म्हणजे दोन घास, बोलणं म्हणजे हुंकार. ऑपरेटरला वाटायचं, एकदाची धाय मोकलून रडू दे, मला शिव्या दे, काहीही कर. तो स्वतः केबिनमध्ये रडून घ्यायचा. मशिनच्या खडखडाटात तेवढी सोय होती.

त्या वर्षी मालकाने पुन्हा तो सिनेमा काढला. ऑपरेटरने हात जोडून सांगितलं, "दुसरं काहीही लावा."

"दुसऱ्याला कुत्रंही फिरकत नाही," मालक म्हणाला.

आणि एका दुपारी खिडकीतून खाली बघतो तर बाल्कनीत, कडेच्या खुर्चीवर, बायको. कधी सिनेमाचं नाव न काढलेली बाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच.  त्याने पाहिलं, की यायच्या आधी ती केस विंचरते, पोटभर जेवते. पावलं वाजायला लागली की तिची पाठ ताठ होते. खोली रिकामी दिसली की मात्र खांदे पडायचे. घरी जाऊन ती अंथरुणाला पाठ लावायची ते दुसऱ्या दुपारपर्यंत उठायचं नाव नाही.

नवरा म्हणून त्याला काही सुचत नव्हतं. ऑपरेटर म्हणून सुचलं. रीळ फाटलं की खराब भाग कापायचा, कडा ब्लेडने खरवडायच्या, सोल्युशन लावून जोड द्यायचा. हे काम त्याने झोपेतही केलं असतं. एका सकाळी त्याने शेवटचं रीळ टेबलावर घेतलं, खोली दिसते तेवढा तुकडा कापला, आणि "आलीस?"ला थेट 'समाप्त'ची पाटी जोडून टाकली. तुकडा डब्यात ठेवला. आपला हात जरासुद्धा थरथरला नाही याचं त्याला नंतर फार वाईट वाटलं.

त्या दुपारी आईने दार लोटलं, तोंडावर उजेड पडला, ती "आलीस?" म्हणाली आणि दिवे लागले. लोक उठले ते एकमेकांशी न बोलता. चार दिवसांत रांग रस्त्यावर गेली. काही कापलंय हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. कितीदा तरी बघून गेलेले लोक शपथेवर सांगत होते, की शेवट पहिल्यापासून असाच होता, आणि आत उभी असलेली पोर आपण डोळ्यांनी पाहिलीय. मालक खुशीत, सिनेमाचा मुक्काम वाढला.

बायको घरी आली, दिवा लावला आणि जेवायला तीन ताटं घेतली.

ऑपरेटर त्या तिसऱ्या ताटासमोर बसून जेवला. जाऊ दे काही दिवस, अशी त्याने मनाची समजूत घातली. ती बोलत होती, हसत होती, शिलाई मशिनवरचं झाकण निघालं होतं आणि ती मुलीच्या मापाचा ड्रेस शिवत होती. खरं सांगायचं तर त्यालाही घरात बोलायला माणूस मिळालं होतं. माणूस इतका स्वार्थी होऊ शकतो. मग तिने सिनेमाला येणंच सोडलं.

"का गं?" त्याने विचारलं.

"तिथे कशाला? इथेच येते ती. मी बाहेर गेले आणि नेमकी तेव्हाच आली तर?"

तेव्हापासून तिने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. दार दिवसभर सताड उघडं. तिची धाकटी बहीण भेटायला आली, तिने तिसरं ताट पाहिलं आणि ऑपरेटरला गल्लीत ओढून नेलं.

"भावोजी, ताई कुठे चाललीय ते दिसत नाही तुम्हाला? की दिसतंय आणि तुम्ही बघत बसलाय? डॉक्टर गाठा आधी."

"गाठतो," तो म्हणाला. "पण मी बिघडवलंय ते आधी मलाच सरळ करू दे."

इथेच तो चुकला. आयुष्यभर जे बिघडलं ते ब्लेड आणि सोल्युशनने सरळ केलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? त्याने तुकडा परत जोडला. मेव्हणीला घरी दाराशी बसवलं, तेव्हा कुठे बायको निघाली. त्याने शेवटचं रीळ सुरू केलं आणि ऑपरेटरने कधी करू नये ते केलं: चालतं मशीन सोडून खाली उतरला आणि तिच्या शेजारी बसला. तिचा हात हातात घेतला.

दार उघडलं. "आलीस?" आणि खोली रिकामी.

"हे काय मधेच घुसवलंय?" मागून कुणीतरी ओरडलं. शिट्ट्या झाल्या. दिवे लागले, लोक कुरकुरत निघाले. ती पडद्याकडे बघत बसून राहिली.

"मागच्या वेळी होती ती आत," ती हळूच म्हणाली. "अहो, कुठे गेली?"

"कुणी नव्हतं गं. खोली पहिल्यापासून रिकामीच आहे, तू बघितलीयस. तेवढा तुकडा मी कापला होता."

"तुम्ही कापला?"

"हो. तुझे हाल बघवेनात म्हणून."

"आणि आज परत लावलात?"

"हो."

"म्हणजे तिला तुम्ही घालवलीत."

आणि ती रडायला लागली. इतके महिने अडवून धरलेलं सगळं एकदम. वाकून, छाती पिटून, बाहेर पडणारे लोक वळून बघतील अशी. हेच रडणं त्याने देवाकडे मागितलं होतं. पण तिने त्याची बाही दोन्ही हातांनी धरली होती.

"राहू द्या ना तिला. एवढं तुमच्या हातात आहे. मी काही मागत नाही तुमच्याकडे, एवढंच करा."

तिने पुन्हा कापायला सांगितलं तर नाही म्हणायचं, हे तो ठरवून आला होता. वर रीळ संपलेलं मशीन फटफटत होतं. तिचे वाहते डोळे त्याच्याकडे लागले होते, आणि त्या डोळ्यांना तो कधीच काही नाही म्हणू शकला नव्हता.

"आणतो," तो म्हणाला. "उद्याच्या पहिल्या खेळाला आणतो तिला."

तिने पदराने तोंड पुसलं, मान हलवली आणि घाईघाईने घरी निघाली. तो वर कापायला गेला.