लेकीचा फोन जाऊबाईंना

खरं सांगते मैत्रिणींनो, आज मला माझ्या जाऊबाईंचा हेवा वाटला.

माझी लेक पूरनियंत्रण कक्षात नोकरीला आहे. पनवेलला गाढी नदीकाठी राहणाऱ्या जाऊबाई पुलाच्या खांबावरची पट्टी बघून तिला रोज सकाळी फोनवर पाण्याची पातळी सांगतात. मला ऐरोलीत तिचा फोन येतो तो फक्त रविवारी.

आज मी त्यांच्याकडे होते. हट्टाने त्यांच्याबरोबर पुलावर गेले आणि लेकीला आकडा मीच सांगितला.

“अगं, ती खांबावरची ओल वाचलीस तू! पाणी कधीच उतरलंय,” जाऊबाई हसल्या.

स्पीकरवर लेक म्हणाली, “आई, काकूला दे ना. काकू, गुडघा कसाय गं?”

गुडघा माझाही दुखतो. पण तिनं विचारलं की मी “मजेत” म्हणते आणि विषय बदलते.

तुम्ही मुलांना खरं सांगता का?