तीन वर्षं पुरेल अशी गाडी

माझ्या बायकोला आठवड्यातून दोनदा अंबाजोगाईला न्यावं लागतं. मंगळवारी आणि शुक्रवारी. तिच्या दोन्ही किडन्या गेल्यात. चार तास मशीनवर रक्त धुवून घेतलं की पुढचे तीन-चार दिवस निघतात. आमचं गाव सिरसाळा. मधे परळी, मग घाट, मग अंबाजोगाई. पहिलं वर्षभर मी तिला माझ्या डिझेल जीपमधून नेलं. हीच जीप मी तीस वर्षं काळीपिवळी म्हणून चालवली. दहाच्या जागी सतरा माणसं भरली, बाळंतिणी नेल्या, नवरदेव नेले. तिला मात्र त्या जीपचा वास सहन होईना. मशीनवरून उठली की तोंड कडू, अंगात कापरं, आणि वर डिझेलचा धूर. घाट उतरेपर्यंत दोनदा उलटी व्हायची. मी चिडायचो. चिडायचो जीपवर, पण ऐकून घ्यावं लागायचं तिलाच.

पोरगा पुण्याला असतो. तो म्हणाला, "पप्पा, इलेक्ट्रिक घ्या. धूर नाही, वास नाही, धक्के नाहीत." हे मला पटलं. पुढचं पटेना. तो म्हणे नवीच घ्या. नव्या बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी असते, जुनीच्या पोटात काय आहे ते बाहेरून दिसत नाही. मी म्हणालो, जुनी. कारणं माझ्याकडं भरपूर होती. नवीला नंबर लावून थांबावं लागतं. दर वर्षी नवीन मॉडेल निघतं न् मागचं कुणी विचारत नाही. आपल्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, नव्या गाडीला पहिल्याच महिन्यात ओरखडे. कारणं सगळी खरी होती, एकही खोटं नव्हतं. तरी तो ऐकेना, तेव्हा "मला गाड्या शिकवतो का रे?" म्हणून मी फोन आपटला.

जुनी बघायला मी संभाजीनगरला गेलो. संगतीला माझा दोस्त, आमच्या चौकातला मिस्त्री. त्याच्या बापाचंही गॅरेजच होतं. जीप चौकात शिरली की उठून बघायच्या आधीच हा नुसत्या आवाजावरून सांगणार, इंजिनचा दुसरा नोझल गेला म्हणून. इथं त्यानं बॉनेट उघडलं, कान लावला आणि मला म्हणाला, "चालू कर."

"चालूच हाय."

"अबे, आवाजच न्हाई तर मी तपासू काय?"

विकणारा माणूस हसला. त्यानं गाडीला वायर जोडून कॉम्प्युटरवर बॅटरीची तब्येत दाखवली. गाडी चार वर्षं वापरलेली, वॉरंटीची चार शिल्लक. नवीएवढं अंतर आता एका चार्जिंगमध्ये जात नाही, दर वर्षी थोडं थोडं कमी होत जाईल, हे त्यानं आपणहून सांगितलं. मी एकच विचारलं. घाट चढून जायचं आणि परत यायचं, मधे कुठं न थांबता. एवढं किती वर्षं जमेल? तीन वर्षं तर डोळे झाकून, तो म्हणाला. मी गाडी घेऊन टाकली.

घरी आल्यावर बायकोनं गाडीला कुंकू लावलं, ओवाळलं. डाव्या हाताला सुया टोचतात म्हणून तो हात जड कामाला लावायचा नसतो, तर हिनं उजव्या हातानंच नारळ फोडला, मला फोडू दिला नाही. पहिल्या मंगळवारी येताना उलटी झाली नाही. "घाट कवा उतरला ते कळलंच न्हाई की," म्हणाली. मला लई बरं वाटलं. आपण काहीतरी शहाणपणाचं केलं असं वाटलं.

जीपवाल्यांची एक सवय असते. शेजारी बसलेल्याशी काय वाटेल ते बोलायचं. इंजिनच्या खडखडाटात मागं एक अक्षर जात नाही. मागं नवरी बसलेली असायची आणि पुढं तिचा मामा मला सांगायचा, पोरगा पितो पण काय करता, आता ठरलंय. तीस वर्षांत कुणाचं काही मागं ऐकू गेलं नाही. त्यामुळं मागं कोण बसलंय हे बघून बोलायची मला सवयच राहिली नव्हती.

गाडी घेऊन महिना झाला असेल. त्या शुक्रवारी मिस्त्री अंबाजोगाईला काही सामान बघायला गेलता, परतताना आमच्या गाडीत बसला. तो पुढं, बायको मागं. खिडकीला उशी लावून डोळे मिटून पडली होती. मशीनवरून उठल्यावर ती तशीच पडते. घाट सुरू झाला तसा मिस्त्री म्हणाला, "गाडी भारी हाय. पर खरं सांग बे, पोरगा एवढा नवी म्हणत होता, तू जुनी कावून घेतली?"

मी म्हणालो, "तीन वर्षं चालती ना ही?"

"चालती की."

"मग झालं. आपल्याला तेवढीच लागती."

"तेवढीच म्हंजे?"

"अरे, तिनं तीन वर्षं काढली तरी लई झालं. त्याच्या पुढं मला आठ वर्षं चालणारी गाडी घेऊन करायचंय काय?"

हे मी नेहमीच्या आवाजात बोललो. म्हणजे जीपमध्ये बोलतात तेवढ्या मोठ्यानं. मिस्त्रीनं माझ्या मांडीवर हात दाबला आणि मान वळवून मागं बघितलं. मग मला कळलं की गाडीत टायरांच्या सरसरीशिवाय दुसरा आवाजच नाही. मी आरशात बघितलं. तिचे डोळे मिटलेले होते. झोपलीय, मी मनाला सांगितलं. मिस्त्री सिरसाळ्यापर्यंत यायचा होता, पण परळीतच उतरला. नेहमी खिडकीत वाकून "वैनी, येतो" म्हणणारा माणूस, त्या दिवशी काही न बोलता गेला.

परळीच्या बाहेर पडलो आणि ती म्हणाली, "गाडी थांबवा."

मला वाटलं उलटी. मी घाईनं बाजूला घेतली, पाण्याची बाटली काढली. ती उतरली, गाडीला धरून धरून पुढं आली आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसली. दार तिनंच ओढून घेतलं.

"तीन वर्षं डॉक्टरनी सांगितली का?"

"न्हाई. डॉक्टर असलं काही सांगत न्हाईत."

"मग?"

"माझ्या मनानं धरली."

ती समोर रस्त्याकडं बघत होती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. रागाला मी पुरा पडतो, अख्ख्या गावाला माहीत आहे. ती म्हणाली, "मी पंधरा धरली होती. नात बारावी होईस्तोवर."

आमची नात तेव्हा तीन वर्षांची होती. मला रडू आलं. बायकोसमोर मी कधी रडलो नव्हतो, आई गेली तेव्हाही नाही. स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडलो, येणारेजाणारे बघत होते तरी रडलो. तिनं पाठीवर हात ठेवला नाही. माझं होईपर्यंत बसून राहिली, मग म्हणाली, "चला आता. मला आडवं व्हायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोराला फोन लावला. नवी बुक कर म्हणालो, कोणतीही कर, आजच कर. ती चहा घेऊन आलती. तिनं माझ्या हातातला फोन घेतला, "काही बुक करू नको रे" म्हणाली आणि बंद केला.

"अगं, आठ वर्षांची वॉरंटी हाय नव्या गाडीला," मी म्हणालो.

"असू द्या. गाडी हाय ती चांगली हाय. तुमी मनातला आकडा तेवढा बदला."

त्याला सात महिने झाले. आता ती पुढंच बसते, मिस्त्री असला तर तो मागं. घाट लागला की कधीकधी मधेच विचारते, "किती?" मी लगेच म्हणतो, "पंधरा." ती मान हलवते आणि बाहेर बघायला लागते. तिला खरं वाटतं की नाही, मला माहीत नाही. मी मनापासून म्हणायला बघतो, देवाशप्पथ बघतो. पण तोंडानं पंधरा म्हणतो तेव्हा आत तीनच येतं, आणि त्यातून सात महिने वजा झालेले असतात.