लोड कमी करून

फोन वहिनीचा होता. "ताई, ह्यांना श्वास लागलाय, लवकर या..." मी विश्रांतवाडीला पोचेपर्यंत दादा गेला होता. दीड महिना होत आला, तरी त्याचा जिना चढताना वाटतं, वरून आता टोमणा येईल.

दादा औष्णिक वीज केंद्रात कंडेन्सरवर होता. टर्बाइन फिरवून आलेली वाफ तिथे गार पाण्याच्या नळ्यांवर थंड होते आणि तिचं पुन्हा पाणी होतं. पाण्याला वाफेपेक्षा जागा फारच कमी लागते, म्हणून आत निर्वात पोकळी होते, आणि तिच्या ओढीवर टर्बाइन जोमाने फिरतं. "बाहेर गळलं तर दिसतं गं," तो सांगायचा. "इथे हवा आत शिरते. ना थेंब, ना आवाज." मग ही माणसं सांध्यांपाशी मेणबत्ती धरत. ज्योत आत ओढली गेली की गळती सापडली. घरीही सकाळची बुद्धवंदना झाली की तिथली मेणबत्ती घेऊन तो खिडक्या तपासायचा आणि फटी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवायचा. मी सॉफ्टवेअर कंपनीत लागले तेव्हा हसून म्हणाला होता, "एसीत बसून तुम्हाला हे कळायचं नाही."

गळती सापडेना, निर्वात पोकळी कमी होऊ लागली, तरी वीजसंच लगेच बंद करत नाहीत. लोड कमी करून, म्हणजे कमी वीज काढत, चालवतात. निवृत्तीनंतर दादा स्वतःलाही तसंच चालवू लागला. आधी मंडईला जाणं सोडलं. "भाजी इथेही मिळते." मग संध्याकाळचं फिरणं गेलं. मग आंघोळीनंतर तो शर्टाची बटणं न लावताच बसून राहायला लागला... मला फार भीती वाटायची.

"दादा, डॉक्टरकडे चल."

"अलार्म वाजलाय का? नाही ना? मग चालतंय ते चालू दे."

पुढच्या खेपेला त्याचा पलंग बाहेरच्या खोलीत आलेला दिसला. तो झोपला होता. शनिवारी त्याला दवाखान्यात न्यायचंच, असं वहिनीने आणि मी ठरवलं. फोन शुक्रवारी आला.

परवा वंदनेला मी तिथेच होते. खिडकी बंद होती, तरी मेणबत्तीची ज्योत खोलीच्या आत झुकत राहिली. फटीतून हवा येत होती. वहिनीने त्याचा लांबीचा डबा आणून दिला. झाकण निघता निघेना. शेवटी उघडलं, तर आतली लांबी वाळून दगड झाली होती. हेही त्याने कधीच सोडून दिलं होतं, आणि आम्हाला कळलं नव्हतं.